दुपारची तहान

मैना देवळ्याहून नाशिकला आली आणि एका वृद्धाश्रमात मावशी म्हणून लागली. तिला काम शिकवलं ते तिथल्या जुन्या मावशी उज्वलाताईंनी. नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळालेली. म्हणून पहिले पंधरा दिवस तिने नुसतं पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

पाहिलं ते असं, की बायकांच्या खोलीतल्या यशोदाबाई दुपारच्या जेवणानंतर पाण्याला शिवत नसत. नाशिकच्याच द्वारका चौकात पस्तीस वर्षं भाजी विकलेली, बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई. पण पेला पुढे केला की आधी दाराकडे बघायची. "नको गं, तहान नाय." ओठांना मात्र भेगा पडलेल्या. त्या आठवड्यात तर दोनदा त्यांना वारही आठवेना.

एकदा अंग पुसताना मैनाने हळूच विचारलं, "आजी, पाण्याचं भ्या कशापायी?"

"पाणी पिलं की लघवीला लागतं," यशोदाबाई म्हणाल्या. "हाक मारली तर उज्वला खेकसते. मागं गादी ओली झाली, तर माझं लुगडं समद्यांना दाखवलं तिनं. त्यापरीस घसा कोरडा बरा. माझ्या लेकाला सांगू नको."

"लेकाला नाय सांगत. पण इथल्या मॅडमला सांगावं लागंल, आजी. मी तुमच्याजवळच हाय."

यशोदाबाईंनी डोळे मिटले, पण मान डोलावली.

ज्या बाईने पोटाला लावलं तिची तक्रार करायची, हे मैनाच्या जिवावर आलं. म्हणून ती आधी उज्वलाताईंकडेच गेली.

"चार दिवसांची तू, मला शिकवतेस?" उज्वलाताई भडकल्या. "तू दोनला घरी जातेस. दुपारी अठरा खाटा एकटीनं बघून दाखव!"

"काम लय हाय, ताई, खरंय. पण म्हणून माणसाला तहानलेलं ठेवायचं?"

उज्वलाताई पाठ फिरवून दुसऱ्या खाटेकडे गेल्या. मैना तशीच व्यवस्थापक तेजस्विनी मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी त्याच संध्याकाळी डॉक्टर बोलावले. यशोदाबाईंना लघवीचा संसर्ग निघाला. विसरायला होत होतं तेही त्यामुळेच. चौकशी झाली. उज्वलाताईंना खाटांवरून काढून धुलाईच्या कामाला लावलं. दुपारी एकच मावशी ठेवणं ही आपली चूक, हे मॅडमनी सगळ्यांसमोर कबूल केलं आणि दुसरी बाई नेमली. मुलाला काय सांगायचं, हे त्यांनी यशोदाबाईंनाच विचारलं. धीर आलेल्या यशोदाबाईंनी स्वतःच फोन लावून लेकाला सगळं सांगितलं.

उज्वलाताई मैनाशी बोलेनाशा झाल्या. डबा वेगळा बसून खाऊ लागल्या. मैनाला ते लागायचं. पण आपलं चुकलं, असं तिला एकदाही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुरुषांच्या खोलीतून नानांनी तिला हाक मारली. एरवी ते कुणाशी दोन शब्दही बोलत नसत.

"मैना, वेळ आहे का गं? मलाही एक सांगायचंय. रागावणार नाहीस ना?"

हातातली बादली खाली ठेवून मैनाने स्टूल ओढलं आणि ती त्यांच्याजवळ बसली.

"सांगा, नाना. सावकाश सांगा."