तीन महिन्यांचं सांगायचं राहिलं

डॉक्टरसाहेब, तुम्ही गुलाबरावला फसवलंत. खोटं बोलून नाही. खोटं बोलायला निदान तोंड उघडावं लागतं. तुम्ही गप्प राहून फसवलंत. आठ दिवस सायकल चालवू नको, हे सांगितलंत. लंगोट घट्ट बांध, ओझं उचलू नको, टाक्याला पाणी लावू नको, सातव्या दिवशी टाका काढायला ये, हेही सांगितलंत. दोन-दोनदा सांगितलंत, कारण टाका पिकला असता तर तुमच्या शिबिराचं नाव खराब झालं असतं. जे न सांगितल्यानं फक्त एका बाईचं नाव खराब होणार होतं, तेवढं मात्र राहून गेलं.

ती बाई म्हणजे भीमाबाई. नवरा गुलाबराव दुर्गापुऱ्याच्या स्टेशनावर पॉइंट्समन. गाडी कोणत्या रुळावर जाणार ते त्याच्या हातात. माणसं अकोल्याकडची, बदली होऊन जयपुरात आली त्याला सहा वर्षं झाली होती. दोन खोल्यांचं क्वार्टर, दोन लेकरं. तिसरं नको यावर नवराबायकोचं एकमत होतं, आणि चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत वरून स्टेशनाला आकडाच आला, की इतकी माणसं नसबंदीला पाठवा. गुलाबराव गेला.

जाण्याआधी सोबतच्या लोकांनी त्याला सांगून ठेवलं होतं, की भैया, आज सांड आहेस, उद्या बैल होशील. गुलाबरावनं ते मनावर घेतलं. शिबिराच्या तंबूत टेबलावर निजल्या निजल्या त्यानं डॉक्टरला, म्हणजे तुम्हालाच, विचारलं. डॉक्टर हसला. काही बदलणार नाही, फक्त मूल होणार नाही, बेफिकीर राहा, असं म्हणाला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुसरी कधीपासून खरी होणार, एवढंच तो बोलला नाही.

नसबंदी वेगळी आणि खच्ची करणं वेगळं, हे गुलाबरावला कुणी समजावलं नव्हतं. तेव्हा दहाव्या दिवशी त्यानं स्वतःच तपासून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. जे ताठ व्हायचं ते ताठ झालं, जे बाहेर यायचं ते पूर्वीसारखंच बाहेर आलं. त्याला इतका आनंद झाला, की पुढचा सगळा आठवडा त्यानं रोज खात्री करून घेतली. भीमाबाईनं हरकत घेतली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच ती दिवस न मोजता नवऱ्याजवळ झोपत होती.

शिबिरात त्याला एक घोंगडी आणि सर्टिफिकेट मिळालं. घोंगडी लेकरांनी घेतली. सर्टिफिकेटाची नक्कल कचेरीत देऊन मूळ प्रत त्यानं चौकट करून भिंतीवर टांगली, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या बरीच खाली, अदबीनं. त्याचं नाव टाइप केलेला आणि वर सिंहाचा शिक्का असलेला तो घरातला पहिला कागद होता.

फेब्रुवारीत भीमाबाईची पाळी चुकली. थंडीनं असेल म्हणून ती गप्प बसली. मार्चमध्ये दवाखान्यातल्या नर्सबाईनं पोट चाचपून सांगितलं, की दोन महिने होत आलेत.

गुलाबरावनं ते ऐकलं आणि हातातली बशी खाली ठेवली. त्यानं हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. हिशेब सोपा होता: ऑपरेशन आधीचं, पोट नंतरचं. त्या दिवसापासून त्यानं आपलं अंथरूण व्हरांड्यात नेलं. दूधवाला बदलला. नवा दूधवाला सत्तरीचा होता. मग त्यानं अकोल्याला भीमाबाईच्या भावाला, दशरथला लिहिलं, की बहिणीला येऊन घेऊन जा, कारण तीच सांगेल. लेकरं इथंच राहतील. घरात कोरं आंतर्देशीय पत्र पडलं होतं. तरी त्यानं पोस्टकार्ड लिहिलं. पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो, मग गल्ली वाचते, मग ज्याचं त्याला मिळतं. दशरथचं उत्तर आलं: अमुक रविवारी पोचतो.

भीमाबाईला लेकरं सोडून जायचं नव्हतं. आणि न केलेल्या गोष्टीसाठी तर मुळीच जायचं नव्हतं. ती दवाखान्यात गेली. ज्यानं शिबिरात नवऱ्याला कापलं तोच डॉक्टर तिथं बसत होता. तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, की ऑपरेशन होऊनही पोट कसं राहिलं. खोलीत कंपाउंडर होता, आणखी दोन पेशंट होते. डॉक्टरनं वर न बघता सांगितलं, "ऑपरेशन हमारा पक्का है. बाकी आप जानें."

त्या 'बाकी'वर कंपाउंडर हसला.

ती बाहेर आली तेव्हा बोळाच्या टोकाच्या खोलीतून तिला एका माणसानं हाक मारली. तो रक्त-लघवी तपासणारा राजन, केरळचा. त्याची हिंदी भीमाबाईच्या हिंदीइतकीच मोडकी होती, त्यामुळे दोघांना एकमेकांचं सगळं समजलं. त्यानं ऑपरेशनची तारीख विचारली. बोटांवर महिने मोजले. मग विचारलं, तीन महिने निरोध वापरायला सांगितलं होतं का? नंतर तपासणीला बोलावलं होतं का?

भीमाबाई म्हणाली, सायकलीचं सांगितलं होतं.

राजननं एका जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीनं चित्र काढलं. दोन गोळ्या, त्यातून निघालेल्या दोन नळ्या. लोकांना लाज वाटते ते शब्द तो भाजीची नावं घ्यावीत तसे घेत होता. बाहेर येतं त्याला वीर्य म्हणतात, तो म्हणाला, पण मूल वीर्यानं होत नाही. त्यात पोहणाऱ्या शुक्राणूंनी होतं. ते या गोळ्यांत तयार होतात, डोळ्यांना दिसत नाहीत. नसबंदीत ही नळी इथं कापतात, बस. गोळ्या तशाच राहतात, ताकद तशीच राहते, वीर्यही येत राहतं, कारण ते बहुतेक पुढंच तयार होतं. पण कापलेल्या जागेच्या पुढं जे शुक्राणू आधीच पोचलेले असतात, ते संपायला तीन महिने लागतात. कधी त्याहून जास्त. संपले की नाही ते तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नाही.

भीमाबाई चौतीस वर्षांची होती, दोन बाळंतपणं झालेली. एवढी गोष्ट तिला आजवर कुणी सांगितली नव्हती. आईनं नाही, नर्सबाईनं नाही, नवऱ्याला तर माहीतच नव्हती. तिनं चित्र मागून घेतलं. राजननं वर एक उकळून धुतलेली शिशी दिली. नवऱ्यानं भरली की तासाच्या आत आणा, म्हणाला, आणि अंगाच्या उबेत ठेवा.

घरी तिनं शिशी गुलाबरावसमोर ठेवली आणि चित्रावर बोट ठेवून सगळं सांगितलं. त्यानं चित्राकडं पाहिलं नाही.

"मी कायले देऊ? तपासनी तुही व्हाले पाह्यजे."

"माही झाली. पोट सगळ्यायले दिसते. आता तुमची."

"म्हंजे तुले काय म्हनाचं हाय?"

"मले काईच म्हनाचं नाई. शिशी म्हनन."

त्यानं नाही म्हटलं. दवाखान्यात लोक काय म्हणतील, असंही म्हटलं. बायको बदनाम झालेली त्याला चालली होती; शिशी भरलेली चालणार नव्हती. पुरुषाची जात, साहेब, पण त्या जातीला घाबरवलं कुणी? नसबंदी आणि खच्ची या दोन शब्दांतला फरक तंबूत सांगायला पाच मिनिटं लागली असती.

"पोस्टकार्ड टाकलं तवा लोक नव्हते का?" भीमाबाईनं विचारलं. मग तिनं शांतपणे सांगितलं, की रविवारी मी दादासंगं जाईन, रडणार नाही. पण गाडी सुटायच्या आधी तुमच्याच स्टेशनावर, तुमच्याच माणसांसमोर सांगून जाईन, की हा माणूस शिशीला घाबरला.

शुक्रवारी सकाळी गुलाबराव शिशी घेऊन मोरीत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा त्यानं शिशी तिच्या हातात न देता चुलीपाशी ठेवली. तिनं ती रुमालात गुंडाळून पोलक्यात खोचली.

बसमध्ये तो पुढं बसला, ती मागं, ओळख नसल्यासारखे. वाटेत रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी होती, तिला घाई नव्हती. दहा मिनिटं झाली. भीमाबाई पदराखाली हात धरून बसली होती. अचानक गुलाबराव खाली उतरला आणि फाटकवाल्याशी भांडायला लागला, की गाडी जाऊन एवढा वेळ झाला, फाटक का उघडत नाहीस. गाडी अजून गेली नव्हती. फाटकवाल्यानं ती त्याला दाखवली. तो परत येऊन बसला. या वेळी मागच्या बाकावर, तिच्या शेजारी.

राजननं काचेवर थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, चाक फिरवलं आणि बाजूला झाला. आधी गुलाबरावनं पाहिलं. मग भीमाबाईनं. उजेडाचं एक गोल तळं होतं, त्यात शेपटीवाले बारीक ठिपके विखुरलेले. बहुतेक मेलेले, राजन म्हणाला, पण आहेत. एका कोपऱ्यात दोघे-तिघे अजून वळवळत होते.

फेब्रुवारीत हे किती होते, गुलाबरावनं विचारलं.

पुष्कळ, आणि जिवंत, राजन म्हणाला. त्यानं आणखी एक विचारलं, की गेले काही दिवस तुम्ही एकत्र झोपत होता का. गुलाबराव म्हणाला, तीन आठवडे व्हरांड्यात होतो. राजननं मान हलवली. तुम्ही रागावला नसतात, तर हे एव्हाना वाहून गेले असते, आणि मग तुमच्या बायकोकडं दाखवायला काहीच उरलं नसतं.

गुलाबराव पुन्हा वाकून बघायला लागला. तो इतका वेळ बघत राहिला, की राजनला दुसरं काम आठवलं. शेवटी डोळा न काढताच तो बोलला.

"म्हंजे सिग्नल लाल केला, पन गाडी पह्यलेच आत आली होती."

"हो," भीमाबाई म्हणाली. "आन् तुमी फलाटावर उभ्या बाईले इचारलं, गाडी कुठून आनली."

माफी मागायची त्याला सवय नव्हती. झालं ना, चल आता घरी, दादाला मी सांगतो, एवढं म्हणाला.

पण ते झालं नव्हतं. दादाला तो सांगेल; गल्लीला कोण सांगणार? गल्लीनं लिहिलेलं वाचलं होतं, ती आता लिहिलेलंच मानणार. भीमाबाईनं सकाळीच सर्टिफिकेट चौकटीतून काढून पिशवीत घातलं होतं. ते आणि राजननं लिहून दिलेला तपासणीचा कागद घेऊन ती डॉक्टरच्या खोलीकडं निघाली. गुलाबराव तिच्या मागं दाराशी जाऊन उभा राहिला.

खोलीबाहेर बाकावर आठ-दहा माणसं बसली होती. पुढच्या शिबिरासाठी कंपाउंडर त्यांची नावं लिहीत होता. भीमाबाई आत गेली आणि राजनचा कागद टेबलावर ठेवला.

डॉक्टरनं वाचला. या वेळी त्यानं वर बघितलं. असं कधीकधी होतं, म्हणाला. मूल नको असेल तर सफाई करून देतो, आजच. घरात समजुतीनं सांगा, बोभाटा कशाला. तिनं लिहून मागितलं: ऑपरेशननंतर तीन महिने पोट राहू शकतं, आणि हे गुलाबरावला सांगितलं नव्हतं. असं लिहून देता येत नाही, डॉक्टर म्हणाला. आणि न सांगण्याचा प्रश्नच नाही, सर्टिफिकेटाच्या मागं सगळं छापलेलं असतं.

तिनं सर्टिफिकेट काढून पालथं केलं. मागं खरंच छापलेलं होतं, बारीक अक्षरात. इंग्रजीत.

भीमाबाईनं आता हिंदी सोडली. डॉक्टरला मराठी येत नव्हती, पण त्यानं मध्येच थांबवलं नाही, म्हणजे समजत असावी.

"साहेब, मूल ठेवाचं का नाई ते मी आन् माहा नवरा पाहून घेऊ. सफाईचं मी इचारलंच नाई. माह्या नवऱ्याले तुमी तोंडानं सांगतलं, बेफिकीर राहा. मले तोंडानं सांगतलं, बाकी तुमी जाना. आता इथं बाहेर मानसं बसले हायत, त्यायचे नाव लिहनं चालू हाय. त्यायच्या घरी बायका हायत. मले कागद देता का नाई, आन् यायले तीन महिन्याचं आत्ता, माह्यासमोर सांगता का नाई? दोन्हीचं उत्तर द्या. मी उभी हाय."