दोरा बांधलेल्या शेंगा

"पहिल्या शेंगा तोडायच्या नाहीत, सिस्टर. कितीही कोवळ्या दिसल्या तरी नाही. त्यांना दोरा बांधायचा आणि त्या आपल्या नव्हेतच असं समजायचं."

सात नंबरच्या खाटेवरच्या बाईने हे सांगितलं तेव्हा सिस्टर तिच्या हाताची शीर शोधत होती. "बरं," म्हणून तिने सुई टोचली होती. पेशंटना घरची काळजी सुटत नाही. कुणाला मांजराला दूध मिळालं का याची चिंता, कुणाला गच्चीवरच्या कपड्यांची. या बाईला घेवड्याची होती. सिस्टरला त्या शेंगांशी काय देणंघेणं असणार?

आज चार वर्षांनी ती त्याच घेवड्याच्या मांडवासमोर कात्री घेऊन उभी होती. जांभळ्या रेघांच्या सात-आठ शेंगा लाल दोरा मिरवत लोंबत होत्या. आतले दाणे फुगून वर आले होते. वेलावर बाकी काही उरलं नव्हतं. ऊन चढलं तशी फुलं गळून गेली होती, पानं कडेने करपली होती. दोरे तिने स्वतःच्या हाताने बांधले होते, बियाण्यासाठी, दर वर्षीसारखे.

सात नंबरची बाई गेली आणि पुढच्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याने सिस्टरला मागणी घातली. तो पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा, पण घरात मिठाचा डबा समोर असला तरी न दिसणारा. सिस्टर तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. आपलं लग्न आता व्हायचं नाही, हे तिने फार पूर्वीच देवाजवळ कबूल करून टाकलं होतं. त्यामुळे मागणी आली तेव्हा तिला आनंदापेक्षा संकोचच जास्त वाटला. लग्नानंतरही मिस्त्री तिला सिस्टरच म्हणत राहिले. "सिस्टर, टॉवेल द्या." "सिस्टर, आज ड्युटी कधी?" शेजारीण हसून हसून बेजार व्हायची. बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा अख्ख्या जगात हा एकच असेल, म्हणायची. सिस्टरही हसायची. पहिलीला ते नावाने हाक मारत, हे तिने वॉर्डात ऐकलेलं होतं, एवढंच.

घर तिला मिळालं, पण रिकामं नाही मिळालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची बाग दिसायची. विटा लावून केलेले वाफे, काठ्यांचा मांडव, न लावता आपोआप उगवून येणारी टोमॅटोची रोपं. फडताळात घेवड्याच्या बियांचा डबा होता. त्या उन्हाळ्यात सिस्टरने बी पेरलं, पाणी घातलं, दोरे बांधले. उरलेल्या शेंगा हाताने मोडून, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवल्या. ही रीतसुद्धा तिला सात नंबरवरूनच कळलेली. मिस्त्रींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगदी तश्शीच झालीय."

कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्या 'तश्शीच'ने सिस्टरच्या पोटात जे काही पेटलं, ते पुढे विझलंच नाही. मनातलं सगळं देवाला दिसतं, या एका गोष्टीची तिला आयुष्यभर सोबत वाटत आली होती. आता त्याचीच लाज वाटू लागली. मेलेल्या बाईचा हेवा करायचा, आणि तोही भाजीवरून? तिने स्वतःची म्हणून काकडी लावली. नर्सरीतून रोपं आणली, रोज ड्युटीवरून आल्यावर पायही न धुता आधी त्यांच्याकडे जायची. काकड्या छान लागल्या, टचटचीत, गोड. मिस्त्रींनी मीठ लावून खाल्ल्या, बरं वाटलं म्हणाले, आणि विचारलं, "घेवड्याला अजून किती दिवस?"

काल फोन आला. मिस्त्रींची लेक, ठमी, बाहेरगावी हॉस्टेलवर राहून शिकत होती. गुरुवारी सुट्टीला येते म्हणाली. मिस्त्रींनी फोन स्पीकरवर टाकला होता, कारण हात ग्रीसने भरलेले. ठमीने विचारलं, "बाबा, आईचा घेवडा आहे ना?" मिस्त्री म्हणाले, आहे की. सिस्टर ओट्याशी उभी होती. तिने पेरलेला, तिने पाणी घातलेला, तिने राखलेला घेवडा, आणि तो आईचा. ठमीने फोन ठेवताना मावशी कशा आहेत एवढंही विचारलं नाही.

तिने कात्री चालवली. एकेक दोरा कापून मातीत टाकला. डब्यात पेरून उरलेले होते नव्हते ते दाणे भुंग्याने पोखरून पीठ करून ठेवलेत, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने वेल मुळासकट उपटला आणि कोपऱ्यात भिरकावला. हाताला माती लागली, ती तिने कितीतरी वेळ धुतली. मग शेंगा मोडायला घेतल्या. मोडताना चिवट धागे निघत होते.

गुरुवारी दुपारी तिघं जेवायला बसली. ठमी उन्हातून आलेली, केस ओले करून बसली होती. हॉस्टेलच्या जेवणाला नावं ठेवत होती, मिस्त्री हसत होते. तिने भाजीचा घास घेतला. चावत राहिली. मग तोंडातून एक टपोरा, जांभळट दाणा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"ही बियाण्याची शेंग आहे ना?"

मिस्त्री खाली मान घालून जेवत होते. ते म्हणाले, "असू दे गं. सिस्टरना कुठून माहीत असणार? त्यांना कुणी सांगितलंय?"

कुणी पदर धरून ओढावं तसं ते वाक्य सिस्टरला सुटकेकडे ओढत होतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. ती भांड्यातलं पाणी प्यायली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तिनेच सांगितलं होतं मला, सात नंबरवर असताना. पहिल्या शेंगा तोडायच्या नाहीत म्हणून. मी मुद्दाम शिजवल्या. वेलही मीच उपटला."

मिस्त्रींचा हात ताटातच राहिला. ठमी उठली, हात न धुताच मागच्या दाराने बागेत गेली.

सिस्टर थोड्या वेळाने तिच्या मागून गेली. ठमी रिकाम्या मांडवाखाली विटेवर बसली होती. आता ही आरडाओरडा करेल, निघून जा म्हणेल, असं सिस्टरने मनाशी धरलं होतं. ठमी हळूच म्हणाली, "तुम्हाला तिने सांगितलं. मला कधी काही सांगितलं नाही."

"काय नाही सांगितलं?"

"काहीच. दोन महिने मी शाळा सुटली की धावत हॉस्पिटलात यायचे. मी आले की ती डोळे मिटून पडायची. तुमच्याशी बोलताना मी तिला दारातून बघितलंय मावशी, हसताना बघितलंय. मला वाटायचं, ही कोण आहे माझ्या आईची?" तिने तळहाताने नाक पुसलं. "मला तुमचा इतका राग यायचा ना. अजून येतो."

सिस्टर समोरच्या विटेवर बसली. तीन वर्षं एका घरात राहून दोघींनी एकाच बाईवरून एकमेकींवर जळावं, आणि दोघींना पत्ताही नसावा. तिला स्वतःची दया आली नाही. या पोरीची आली.

"तुझी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास ती दुखण्याचं इंजेक्शन मागायची," ती म्हणाली. "कधी कधी ते लागू पडायचं नाही. मग म्हणायची, डोळ्यांत दिसतं हो सिस्टर सगळं, पोरीला दिसायला नको. म्हणून मिटायची. तू गेलीस की उघडायची आणि मला विचारायची, आज कुठला फ्रॉक घातला होता तिने, वेणी कुणी घातली, नीट घातली होती का. मी तिला सगळं सांगायचे. मग ती हसायची. तू दारातून बघितलंस ते तेच असेल."

ठमी विटेची कड नखाने खरवडत राहिली. मग विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तेवढं एक माझ्याकडे होतं," सिस्टर म्हणाली. "तुझ्याकडे तर अख्खी आई होती."

ठमीने मान वळवली. तिचे खांदे हलत होते. सिस्टरने तिच्या पाठीवर हात ठेवायला नेला आणि मागे घेतला. मग पुन्हा नेला आणि ठेवला.

"पुढच्या सुट्टीला येशील तेव्हा या मांडवावर घेवडा असेल," ती म्हणाली. "हाच. बाजारचा नाही."

"बी कुठाय आता?"

याचं उत्तर मिस्त्रींनी दिलं. ते दारात येऊन कधीचे उभे होते. जुन्या पंपहाऊसच्या वॉचमनच्या बायकोकडे हे बी असायला हवं, म्हणाले. तिची आणि ठमीच्या आईची मैत्री होती, एकमेकींना बी द्यायच्या. पण बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. ती बाई त्यांच्या लग्नाला आली नव्हती. पेशंट गेली आणि सिस्टर आली, असं ती चारचौघांत म्हणाली होती, आणि ते फिरत फिरत सिस्टरच्या कानांपर्यंत पोचलं होतं. तेव्हापासून ती रस्त्यात दिसली की सिस्टर फुटपाथ बदलायची.

"मी जाऊन आणतो," मिस्त्री म्हणाले.

"नको. शेंगा मी तोडल्यात, बी मीच मागेन."

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. दुपारी बापलेक पंख्याखाली झोपली. सिस्टरने ओटा पुसला, चहाची भांडी धुवून उपडी घातली. आपल्या वाफ्यातल्या चार काकड्या पिशवीत घातल्या. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात उभं राहायची तिला सवय नव्हती. देवापाशी दोन मिनिटं उभी राहिली. त्या बाईने दार उघडावं, असं काही मागितलं नाही. आपली जीभ जागेवर राहावी, एवढंच मागितलं.

कडी वाजू न देता तिने फाटक लावलं. शेजारीण व्हरांड्यात भाजी निवडत होती. तिने मान वर करून विचारलं, एवढ्या उन्हाची कुठे, सुट्टीच्या दिवशीही ड्युटी का?

"ड्युटी नाही. जरा पंपहाऊसकडे जाऊन येते."

शेजारणीचे हात थांबले. सिस्टरने छत्री उघडली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चढाच्या रस्त्याला लागली.