बाळंतिणीचा नंबर शेवटी

मध्यभारत सरकारची दवाखान्याची मोटर दर बुधवारी इंदूरहून पिपल्याला जायची. मोटरीत डॉक्टर, नर्स शांताबाई आणि मी, छत्रीबागेतला चिंतामण कंपाउंडर. औषध कोणीही कालवील, पण माणसं ओळीत उभी करावीत तर मीच, अशी शेखी मी तेव्हा मिरवत असे.

गावात बाळंतिणीचा विटाळ कडक. शांताबाई बाळंतिणीला हात लावून आल्या की त्यांच्या हातचं औषध कोणी घेईना. लोक रिकाम्या बाटल्या घेऊन घरी जात. म्हणून मी नियम केला: आधी ओळ, बाळंतीण शेवटी. साप मेला आणि काठीही मोडली नाही. डॉक्टरांनीही मान डोलावली.

एका बुधवारी सकाळीच धापूबाई आली. सून आदल्या संध्याकाळी बाळंत झाली होती आणि फार नरम होती. रिवाज धापूबाईला पाठ होता. ती स्वतःच म्हणाली, "पेलां सब के दई दो. बहू के पछे देखी लीजो."

शांताबाई माझ्याकडे वळल्या. "चिंतामणजी, मी पहिले बघून येऊ का? दो मिनिट लागतील."

"बाई, साठ लोकं उभी आहेत. तुम्ही तिच्या घरात गेलात की सगळे निघून जातील. ती थांबेल."

ओळ दोन वाजता संपली. शांताबाई धापूबाईच्या घरात गेल्या आणि लगेच डॉक्टरांना हाक मारत बाहेर आल्या. रक्त पहाटेपासून जात होतं. घरच्यांना वाटलं, बाळंतपणात जायचंच. आम्ही तिला मोटरीत घातलं. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली गिरण्यांची धुराडी दिसू लागली तेव्हा ती गेली. एकोणीस वर्षांची होती. सकाळी कळलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या बुधवारी मला न विचारता त्या आधी बाळंतिणींकडे गेल्या. परत येईपर्यंत ओळीत सहा माणसं उरली होती. तीन बुधवार तसेच गेले. खोटं कशाला बोलू, मोडलेली ओळ पाहून मी तेव्हाही चडफडलोच.

चौथ्या बुधवारी लोक लांब निंबाखाली उभे होते. शांताबाई नुकत्याच एका बाळंतिणीकडून आल्या होत्या. धापूबाई सगळ्यांच्या देखत पुढे आली. कडेवर महिन्याची नात.

"म्हारे कंई नी हुयो," ती म्हणाली. "पण दवई दई दो. इनाज बई का हात से."

तिला काहीच झालं नव्हतं. मी ओव्याचा अर्क ओतून दिला. शांताबाईंनी तो तिला आपल्या हाताने पाजला. धापूबाई तिथेच उभी राहिली, निंबाकडे तोंड करून. हळूहळू तिच्यामागे बाया येऊ लागल्या.

ओळ लावायला मला कोणी बोलावलं नाही. मी मोटरीच्या आडोशाला गेलो आणि रडलो.