मला ‘वाढवले’ त्या सकाळी

मित्रांनो, स्वतःची ओळख करून देताना मला लाज वाटते. आणि ओळख सांगणे हेच तर माझे काम होते. मी एका जहाजावरचे जुने यंत्र आहे. जहाजाचे नाव, जागा आणि दिशा मी अखंड सांगत असे. आसपासच्या होड्यांच्या पडद्यावर आमचा ठिपका उमटे आणि त्या सुखरूप वाट काढत. ओझरचा खंडेराव त्या जहाजावर अधिकारी होता. तो रोज मला मऊ फडक्याने पुसत असे.

मला चालू ठेवावे, असा सागरी कायदा आहे. चाच्यांसारखे संकट असेल तरच मला थांबवण्याची मुभा असते. धुक्याच्या त्या सकाळी चाचे नव्हते. कप्तानाला इंजिनाचे घाण तेल किनाऱ्याजवळ गुपचूप सोडायचे होते. त्याने मला बंद करायला सांगितले. “वाढवतो,” खंडेराव स्वतःशीच पुटपुटला. त्याच्या घरी दिवा विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. त्या मंगल शब्दाआड त्याने ते काम लपवले, आणि मी मुके झाले.

धुक्यातून मासेमारीची होडी आली. तिच्या पडद्यावर आम्ही नव्हतोच. धक्का बसला. बुडत्याला वाचवणे हाही कायदाच. पण कप्तान थांबला नाही. होडीवरचा एक भाऊ पोहून वाचला. दुसरा, काळू, सापडला नाही. तेलाचा तवंग मात्र कितीतरी दूर आमच्यामागे येत राहिला.

मी किती वेळ बंद होते, हे माझ्या स्मृतीत आपोआप नोंदले जाते. म्हणून कप्तानाने मला समुद्रात टाकायला सांगितले. खंडेरावाने टाकले नाही. पण तो बोललाही नाही. सुटीत त्याने मला विमानांचा कारखाना असलेल्या आपल्या गावी, ओझरला आणले आणि गोणपाटात गुंडाळून कपाटावर ठेवले. तिकडे कंपनी सांगत होती, आमचे जहाज तिथे नव्हतेच. काळूचा भाऊ खोटा ठरत होता.

एके दुपारी खंडेरावाच्या आईने, पुतळाबाईंनी, मला खाली काढले.

“काय रं हे? लय जड हाय. इमानाचं हाय का?”

“जहाजाचं हाय, आई.” मग त्याने सगळे सांगितले. “म्या फक्त वाढवलं गं.”

“वाढवलं? समदे घरात आले, कवाड लागलं, की दिवा वाढवायचा. माणूस वाटंवर असताना नाय!”

“नोकरी जाईल, आई.”

“त्या काळूच्या आईचा पोरगा गेलाय.”

दुसऱ्याच दिवशी त्याने मला मुंबईच्या चौकशी कार्यालयात नेले. काळूचा भाऊ समोर बसला होता. साहेब माझी तार जोडू लागले. माझी स्मृती उघडण्याआधीच खंडेराव काळूच्या भावाला म्हणाला, “तू खरं बोलत होतास. आम्ही तिथंच होतो. यंत्र मी बंद केलं.”

मित्रांनो, समुद्रावर कोणी पाहत नाही असे वाटते, तेव्हाच कायदा तुमच्या एकट्याच्या हाती असतो. तो जपा. तो सुटला, तर माझ्यासारखी लाज उरते.

काळूच्या भावाने खिशातून काळूचा फोटो काढला आणि टेबलावर, माझ्याशेजारी ठेवला.