आधी काय बिघडलंय ते विचारा

घर असो नाहीतर कचेरी, एखादी वस्तू बिघडली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता बाहेर पडतो? "कुणी केलं हे?" काय झालं, कुणाला लागलं का, ते सगळं मागाहून. आधी आरोपी हजर झाला पाहिजे!

उद्यान खात्याच्या आवारात हा प्रश्न रोजच्या हजेरीइतकाच नेमाचा होता. मुकादम माणूस तसा वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. शिवाय जो बिघाड सांगायला येतो त्यानंच तो केलेला असतो, अशी त्यांची पक्की समजूत. एकदा एका कामगारानं इमानेइतबारे येऊन सांगितलं, "साहेब, मशीन चालू करायची दोरी तुटलीय." मुकादमांनी सगळ्यांदेखत त्याचं बारसंच केलं: मोडक्या! पुढे त्याचं खरं नाव सगळे विसरले. हाक मारली की लोक हसायचे, तो मात्र कधी हसला नाही. आणि त्या दिवसापासून आवारात कुणी कसलाही बिघाड कळवला नाही. मशीन कुरकुरलं की गुपचूप जागेवर ठेवायचं आणि पुढच्याच्या हातात बंद पडू द्यायचं, अशी रीतच पडून गेली.

या टोळीत ताई नवी होती. तिला कायम करायचं की घरी बसवायचं, हे आता मुकादमांच्या एका शब्दावर होतं, आणि घरची चूल तिच्या पगारावर होती.

तिच्याकडे दिली होती लांब दांड्याची पेट्रोल-करवत. खालच्या टोकाला इंजिन, वरच्या टोकाला पट्टीभोवती धावणारी दातेरी साखळी. जमिनीवर उभं राहून उंचावरची फांदी कापायची. सगळे त्या करवतीला जिराफ म्हणत. खटका दाबला की साखळी धावते, सोडला की थांबते. निदान थांबायला हवी.

एका संध्याकाळी मात्र साखळी थांबली नाही. खटका सोडून ताईनं दांडा खाली घेतला, तरी साखळी चोरपावलांनी सरकतच होती. कापलेल्या फांद्या ओढणारा लंबू अगदी जवळ वाकलेला.

"लंबू, मागे हो!" तिनं ओरडून इंजिन बंद केलं.

"अगं ताई, केवढ्यानं ओरडतेस! ती हल्ली अशीच चालते."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहितीये."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आणि मला काय म्हणतील? फाटक्या?" लंबू हसला. "जपून वापरायची, झालं."

ताई घरी आली तर लेक कोपऱ्यात गप्प बसलेली. एक हात फ्रॉकखाली. जवळ घ्यायला गेली तर पोर आणखीच आक्रसली. हात ओढून बाहेर काढला तर बोटं रक्तानं चिकट झालेली! काचेचा पेला फुटला होता. तुकडे गोळा करून पोरीनं पलंगाखाली सारले होते.

"अगं, इतकं कापलंय, घरात आजी होती ना, तिला सांगायचं नाही का?"

"तिनं तुला सांगितलं असतं, मग तू ओरडली असतीस ना," लेक म्हणाली.

ताईला आठवलं: परवाच एका बशीपायी तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. जखम धुतली, पट्टी बांधली आणि कितीतरी वेळ लेकीचं डोकं छातीशी धरून बसली. ओरडा नको म्हणून आपलं लेकरू रक्त लपवतं, याच्यापरती आईची हार कोणती? आणि तिथल्या तिथे तिनं ठरवलं: उद्या सांगायचं. काय व्हायचं ते होवो.

सकाळी मुकादम आधीच घाईत होते. "ताई, जिराफ उचल. बालवाडीच्या फाटकावर फांदी तडकून लोंबतेय. पोरं सुटायच्या आत खाली आली पाहिजे."

"साहेब, जिराफ बिघडलाय. खटका सोडला तरी साखळी थांबत नाही. असा मी तो नेणार नाही."

आवारात सगळ्यांच्या माना वळल्या.

"कुणी बिघडवला?"

"माहीत नाही."

"काल कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"मग झालं की! गाव कशाला गोळा करायचा? तुझा शेरा मला या आठवड्यात द्यायचाय, लक्षात आहे ना?"

ताईनं जिराफ घट्ट धरून ठेवला. "द्या साहेब, काय द्यायचा तो. पण लंबूचा पाय कापला गेला तर शेरा देऊन तो जुळायचा नाही. कुणी बिघडवला ते सावकाश शोधा. आधी काय बिघडलंय ते विचारा!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मुकादमांनी जिराफ हिसकावून घेतला, दोरी ओढली. इंजिन धडधडलं. खटका दाबला, सोडला. "काय झालंय याला? चांगला तर आहे!" असं म्हणत ते सगळ्यांकडे वळले आणि दांड्याचं टोक न बघताच मागे टेकवलं. खर्रर्र! त्यांच्या स्वतःच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा हात कुरतडून तुकडा खाली पडला.

मुकादमांनी घाईघाईनं इंजिन बंद केलं. कुणी हसलं नाही. त्या खुर्चीत ते दिवसातून किती वेळा बसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला... मला कुणी सांगितलं का नाही?"

सामानाची कोठी सांभाळणारे काका दाराशी येऊन उभे होते. या आवारात केस पिकलेला माणूस. "मुकादम, सांगणाऱ्याचा तुम्ही कसा सत्कार करता, ते पाहिलंय ना सगळ्यांनी. तुमच्या ओरडण्यानं बिघाड थांबले नाहीत, त्यांच्या बातम्या थांबल्या."

"काल माझ्या लेकीनं कापलेला हात माझ्यापासून लपवला, साहेब," ताई हळूच म्हणाली. "मी ओरडेन म्हणून. मीही तुमच्यासारखीच."

मुकादमांनी कपाळ पुसलं. ओठांवर आलेला जुना प्रश्न महत्प्रयासानं गिळला. "बरं. काय बिघडलंय?"

तेवढ्यात मागून मोडक्या पुढे आला. चेहरा पांढराफटक.

"साहेब, स्क्रू मी पिळला. खटका सोडला की इंजिन गुदमरून बंद पडायचं. सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून रेस वाढवायचा स्क्रू पिळला. इंजिन बंद पडेना, पण मग साखळीही थांबेना."

मुकादमांची मान ताठ झाली. पण ते खाली बसले, मशीनजवळ. "गुदमरत कशानं होतं?"

इंजिन चुकून चालू होऊ नये म्हणून ताईनं प्लगची टोपी काढून ठेवली आणि झाकण उघडलं. हवेचा फिल्टर लाकडाच्या भुशानं गच्च तुंबलेला! इंजिनला श्वासच घेता येत नव्हता.

"नवा आहे की कोठीत," काका म्हणाले. "मागायला कुणी आलं तर ना!"

फिल्टर बदलला. पट्टीच्या खाचेतला भुसा काढला, सैल साखळी बेताची ताणली. प्लगची टोपी परत बसवली. इंजिन चालू करून मोडक्यानं स्क्रू उलटा फिरवत आणला. इंजिन शांत गुरगुरत राहिलं आणि साखळी जागच्या जागी थांबली. ताईनं पुन्हा पुन्हा खटका दाबून सोडून पाहिला. थांबली! दर वेळी थांबली! चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळाचं काम, आणि त्यापायी एखाद्याचा पाय जायचा होता!

पोरं सुटायच्या आत फांदी खाली आली. फाटकाशी दोरी धरून गर्दी अडवायला खुद्द मुकादम उभे होते. परतताना ते मोडक्याच्या बरोबरीनं चालले. "तुला नाव ठेवलं ते माझं चुकलं, बाबा," एवढंच म्हणाले. आवारात शिरल्यावर मोडक्यानं स्वतःहून एक फवारणीचा पंप आणून पुढे ठेवला. "साहेब, याचं झाकणही गळतंय. बऱ्याच दिवसांपासून."

सगळे मुकादमांच्या तोंडाकडे बघू लागले.

"किती गळतंय?" त्यांनी विचारलं.

मग ताईकडे वळून म्हणाले, "तुझा शेरा वर कळवलाय. म्हटलं, बाई ऐकत नाही." ताईचा चेहरा उतरला. "म्हणून कायम करा!"

वाचकहो, बिघाड यंत्रात होतो तसा घरात होतो, शाळेत होतो, नात्यातही होतो. जिथे सांगणाऱ्याला शिक्षा होते तिथे बिघाड आत दडतो, वाढतो आणि एक दिवस निरपराध माणसाला गाठतो. चूक झाली म्हणून येऊन सांगणाऱ्याला जवळ करा. "कुणी केलं?" हा प्रश्न वाट पाहू शकतो; "काय झालं?" हा वाट पाहू शकत नाही.