सहा थर सांगितले होते

मित्रांनो, मी एक जुना धुमस आहे. खाली लोखंडी पाट, वर पेट्रोलवर चालणारं इंजिन, मागे धरायला दांडी आणि अंगात नव्वद किलो वजन. खडी आणि माती ठोकून घट्ट करायची, एवढं एकच काम मला येतं. तुम्ही ज्या फरशीवर निर्धास्त उभे राहता, तिच्याखाली माझ्यासारखा कुणीतरी कधीकाळी राबून गेलेला असतो. त्याची आठवण कोणी ठेवत नाही आणि ठेवावी असा माझा आग्रहही नाही. मला फक्त एका अंगणाची गोष्ट सांगायची आहे, कारण तिथे काय होणार ते मला आधी कळलं होतं आणि सांगता आलं नाही.

कारखान्यातून मला थेट कॅनडातल्या शिकूतिमीला आणलं क्लेर्माँ माल्ते या गवंड्याने. बावीस वर्षं मी त्याच्या हाताखाली काढली. त्याचा नियम ठरलेला होता. खडी वीतभर पसरायची, तिच्यावर मला तीन वेळा फिरवायचं, मग पुढचा थर. पहिल्या फेरीला खडी भदभद वाजते, तिसऱ्या फेरीला खणखणीत बोलते. तो आवाज आल्याखेरीज क्लेर्माँ पुढे सरकत नसे. लोक त्याच्या कामाची वाखाणणी करायला लागले की तो माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचा, "मला कशाला, ह्या म्हाताऱ्याला सांगा." तेव्हा मी धड पाच वर्षांचाही नव्हतो, पण मला ते आवडायचं.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असं तुम्ही विचाराल. आमच्या गावाखाली निळी चिकणमाती आहे. उन्हाळ्यात ती लोण्यासारखी मऊ असते. हिवाळ्यात ती पाणी पिते, गोठते आणि फुगते. जिने उचलते, कुंपणाचे खांब उपटते, आणि बर्फ वितळला की पुन्हा गपचूप खाली बसते, फक्त जिथे होती तिथे बसत नाही. तिच्यावर बांधकाम करायचं तर तिच्यात आणि फरशीत भरपूर खडी हवी, म्हणजे पाणी निघून जातं. माझ्या सगळ्या आयुष्यात मला भीती वाटली ती याच मातीची.

ज्योसलीन ब्रासार या बाई शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायच्या. त्यांची मुलगी आनूक गावच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. एका मे महिन्यात जंगलातल्या रस्त्यावर तिच्या गाडीला मूस, घोड्याएवढा रानटी सांबर, आडवा आला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. चौदा महिने ती केबेक शहरातल्या इस्पितळात होती आणि ऑगस्टच्या सहा तारखेला चाकाच्या खुर्चीतून घरी येणार होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाण्यात ती एकटी, कोणाच्या आधाराशिवाय हलू शकेल. बाईंनी मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव खोदून घेतला. तलाव तयार झाला. राहिली होती ती स्वयंपाकघराच्या दारापासून पाण्यापर्यंतची फरसबंदी, आणि ती अगदी सपाट हवी होती.

क्लेर्माँ जुलैच्या सुरुवातीला तिथे गेला. मी त्याच्या गाडीवर होतो. त्याने गवतावर फरशीचे चार तुकडे मांडले.

"मला ती पांढरी हवी," बाई म्हणाल्या. "मासिकात असते ना, तशी गुळगुळीत."

"ती मासिकातच शोभते. मासिकात थंडी पडत नाही. हा खरबरीत ग्रॅनाइट घ्या. रंग उदास आहे, पण चाक धरून ठेवेल. आणि खाली खडीचे सहा थर."

"कधी होईल?"

"आता सगळ्या बांधकामवाल्यांची उन्हाळी सुट्टी लागेल. दोन आठवडे माणसं नाहीत, खडीची खाणही बंद. ऑगस्टची अखेर धरा."

"मस्यू माल्ते, ऑगस्टच्या अखेरीला आपला उन्हाळा संपतो."

"मग पुढच्या उन्हाळ्यात पोहेल."

बाईंचा चेहरा उतरला. "चौदा महिने माझी पोर काय करतेय, माहितेय तुम्हाला? छताकडे बघतेय. आणखी एक वर्ष बघ, असं तिला तुम्ही सांगणार का मी सांगू?"

क्लेर्माँला बोलायचं ते कधी नीट बोलता येत नसे. तो तुकडे गोळा करून गाडीत बसला.

काम मिळालं त्याच्या पुतण्याला, दानीला. दानी वाईट मुलगा नव्हता. त्याने फक्त सुट्टीच्या आधी पाच अंगणं पुरी करून देण्याचा शब्द दिला होता, आणि लोकांना नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गुरुवारी फरशी हातात देतो, म्हणाला, आणि पांढरीच देतो. मग तो मला मागायला आला.

"काका, तुझा म्हातारा दे की दोन दिवस."

"थर किती घालणारेस?"

"सहा. तूच शिकवलंस ना."

"आणि फेऱ्या?"

"तीन-तीन. परीक्षा घेतोस का काय माझी?"

क्लेर्माँने किल्ली दिली आणि तो तळ्याकाठच्या आपल्या मासेमारीच्या झोपडीवर निघून गेला.

मित्रांनो, दानीने खडीचा एकच ढीग आणला, एकदाच पसरला आणि माझी एकच फेरी केली. तलावाच्या कडेने तर माती नुकतीच खणून परत लोटलेली होती. तिच्यावरून जाताना माझा पाट भदभद करत आत रुतत होता. मी जमेल तेवढा थरथरलो, किंचाळलो. दानीच्या कानावर गाणी चालू होती. फेरी संपली तसं त्याने मला बंद केलं. मी दुसऱ्या फेरीची वाट बघत राहिलो आणि माझ्यासमोर तो पांढऱ्या फरश्या मांडायला लागला.

"झालं, बाई," तो गुरुवारी म्हणाला. "ह्यावर बर्फ काढायची गाडी फिरवा, हलायची नाही."

मला त्याने अंगणातल्या खोपटाच्या वळचणीला उभं केलं. सुट्टीनंतर नेतो म्हणाला आणि विसरला. तिकडे क्लेर्माँच्या छातीत कळ आली. झोपडीवरून त्याला उचलून शहरात नेलं, छाती उघडावी लागली आणि त्याचे पुढचे कित्येक महिने खाटेवर गेले. मी तिथेच राहिलो.

सहा ऑगस्टला आनूक आली. दारातून चाकं बाहेर पडताच तिने मागे न बघता सांगितलं, "आई, हात लावू नकोस." एकटी पाण्यापर्यंत गेली, एकटी उतरली आणि मग हातांच्या जोरावर सरळ पलीकडच्या काठापर्यंत. बाई टॉवेल तोंडात दाबून रडत होत्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या महिन्यात ती रोज पोहली, तिच्या गालांवर रंग आला. पण खुर्ची काठाजवळच्या तिसऱ्या फरशीवरून गेली की खालून पोकळ आवाज यायचा. तो फक्त मला कळत होता.

नोव्हेंबरात तलावावर आच्छादन चढलं आणि बर्फ सुरू झाला. आनूक पुन्हा गप्प झाली. बाईंना ते बघवेना. रोज सकाळी कामाला जायच्या आधी त्या फावडं घेऊन फरशीवरचा बर्फ सगळा काढायच्या, मीठ मारायच्या, म्हणजे पोरीला घोंगडी पांघरून उन्हात बसता येईल, कॉफी पिता येईल. शेजारी एकदा म्हणाला, "कशाला एवढी कंबर मोडताय?" बाई म्हणाल्या, "तिला घरात कोंडून घालायची नाहीये मला."

किती मायेने करत होत्या त्या, आणि काय करत होत्या! बर्फ म्हणजे जमिनीची गोधडी. शेजाऱ्याच्या अंगणात छातीएवढा बर्फ होता, त्याच्याखाली माती जेमतेम गोठली होती. ब्रासारबाईंनी रोज ती गोधडी ओढून काढली. गारठा फरशीतून सरळ खाली उतरला, तिथे वीतभर खडीच्या खाली निळी माती पाण्याने टच्च भरून बसली होती. जानेवारीत पारा उणे चौतीसवर गेला. एका सकाळी माझ्या पायाखाली टक असा आवाज झाला.

आनूकने कॉफीचा कप खाली ठेवला. "आई, खाली काहीतरी वाजलं."

"थंडीत घर आकसतं गं. दरवर्षीचंच आहे."

त्यानंतर तो आवाज अधूनमधून येत राहिला. माझ्या इंजिनात उंदरांनी घर केलं होतं, दांडीला गंज चढला होता आणि मी त्या टकटकीकडे कान लावून उभा होतो. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

एप्रिलमध्ये सगळं वितळलं. डोळ्यांना फरशी होती तशीच दिसत होती. पण दाराकडची बाजू मातीने उचलून धरली होती आणि पाण्याकडची बाजू, जिथे मी भदभद वाजलो होतो, ती खचली होती. पाण्याचं डबकं आता तलावाच्या कडेला साचायचं. बाई ते पुसून टाकायच्या. आनूक म्हणाली, "खुर्ची आपली आपणच पुढे जाते." बाईंना वाटलं, ब्रेक झिजले असतील. त्यांनी लगेच नवे बसवून आणले.

मेच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी क्लेर्माँ मला न्यायला आला. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते, वजन उचलायची मनाई होती, तरी आला. आदल्या दिवशीच तलाव उघडला होता. पहाटे दहिवर पडून पांढऱ्या फरशीवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता, तो फरशीच्याच रंगाचा असल्यामुळे दिसत नव्हता. आनूक काठापासून हातभर अंतरावर पाण्याकडे तोंड करून बसली होती. दोन्ही ब्रेक लावलेले होते.

क्लेर्माँ फाटकातच थांबला. बावीस वर्षं ज्याने पाणसळ लावली, त्याला उतार दिसायला पाणसळ लागत नाही. त्याने अगदी हळू आवाजात हाक मारली.

"आनूक, मागे ये. हलक्या हाताने चाक धर आणि मागे ये."

कोण बोलतंय ते बघायला ती वळली. तेवढ्याने खुर्ची सुटली. चाकं फिरली नाहीत, ब्रेक घट्टच होते. आख्खी खुर्ची तशीच घसरत गेली आणि पाण्यात पडली. कमरेचा पट्टा बांधलेला होता.

मला फेऱ्या मोजायची सवय आहे, म्हणून मी मोजत राहिलो. बाई सपाता घालूनच पाण्यात उतरल्या. क्लेर्माँ शिवलेल्या छातीवर पालथा पडून तलाव साफ करायची जाळीची काठी आत घालत होता. मी सतरापर्यंत मोजलं, तेव्हा आनूकचं डोकं वर आलं. पाण्याखाली पट्टा तिने स्वतःच सोडला होता.

टेबलावरची चादर, घोंगडी, मिळेल ते तिच्या अंगावर टाकलं. दात वाजायचे थांबल्यावर तिचा पहिला शब्द हा होता, "आई, मी ब्रेक लावला होता."

"हो गं. माहितेय मला."

"मी लावला होता."

बाई क्लेर्माँकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं."

"का, ते मी कुठं सांगितलं? पुढच्या उन्हाळ्यात पोहेल म्हणालो. असं सांगतात का कुणी?"

सोमवारी दानी आला. अंगणात ओली खुर्ची तशीच पडली होती. क्लेर्माँने विचारलं, "थर किती, दान्या?"

"एक."

"आणि फेऱ्या?"

दानी खाली वाकला. त्याने फावडं उचललं.

पांढऱ्या फरश्या निघाल्या. दानीने एकट्याने निळ्या मातीपर्यंत खणलं, पाणी निघून जायला नळ टाकले. उंदरांचं घर काढून माझं इंजिन धुतलं. क्लेर्माँ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून प्रत्येक फेरी मोजत होता. सहा थर, तीन-तीन फेऱ्या, वर खरबरीत ग्रॅनाइट, आणि उतार तलावापासून दूर, कुंपणाकडे. मी आयुष्यात इतका खणखणीत वाजलो नव्हतो. जूनच्या अखेरीस काम पुरं झालं आणि सगळे दाराकडे बघत उभे राहिले.

आनूक उंबऱ्यापर्यंत आली. पुढची चाकं उंबऱ्यावर थांबली. क्लेर्माँने पाणसळ पुढे केली. "तूच ठेवून बघ."

"मागच्या वर्षी तुम्ही ठेवली असती तर तेव्हाही फरशी सरळच दिसली असती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "एक हिवाळा जाऊ दे. मग बघू."

तो सगळा उन्हाळा तलाव भरलेला राहिला आणि त्यात कोणीच उतरलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी कुणी फरशी घालायला आलं, तर रंग नंतर निवडा. आधी जवळ उभे राहा आणि खाली किती वेळा ठोकतात ते मोजा. काम करणाऱ्याला घाई करू नका, आणि घाईने होईल म्हणणाऱ्याला हो म्हणू नका. मायेपोटी केलेली घाईसुद्धा घाईच असते.

आता फेब्रुवारी आहे. क्लेर्माँने मला मुद्दामच इथे ठेवलंय, खोपटात, ताडपत्रीखाली. "काही हललं तर तुला आधी कळेल," असं म्हणून गेला तो. ग्रॅनाइटवर छातीएवढा बर्फ साचलाय, बाईंनी फावड्याला हात लावलेला नाही. अजून तरी मला खाली काही ऐकू आलेलं नाही. पण गारठा रोज थोडा थोडा खाली उतरतोय आणि या मातीचा मला कधीच भरवसा वाटला नाही. आनूक रोज सकाळी खिडकी बोटभर उघडते, श्वास रोखून ऐकते आणि पुन्हा लावून घेते.