दुसऱ्या ओळीतला जुना कर्नल

मित्रांनो, मी जुना आहे हे कबूल, पण मला मोडका म्हणाल तर खबरदार! संगणकाचं बटण दाबलं की आधी जागा होऊन डिस्क, पडदा, कळफलक या सगळ्यांना कामाला लावतो, त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मी तोच. प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, हापाई बेटांवर, पांगाई गावच्या एका लहानशा रेडिओ केंद्रात माझं आयुष्य गेलं.

मला घडवलं दूरदूरच्या कितीतरी हातांनी, पण इथे आणून बसवलं ते फुसीने. फुसी केंद्रातली यंत्रं सांभाळते आणि तिची आत्या लुसेआने माइकवर बोलते. टोंगात बापापेक्षा बापाच्या बहिणीचा मान मोठा, तेव्हा केंद्रात हुकूम कुणाचा चालतो हे काय सांगायला हवं! दर शनिवारी संध्याकाळी आत्या दूरच्या बेटांवरच्या माणसांना त्यांच्या घरच्यांचे निरोप ऐकवायची. "गुणाचा हो आमचा संगणक, कधी रुसत नाही," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. नाव संगणकाचं व्हायचं, पण फुगायचो मी.

रविवारी इथे कुणी कामाला हात लावत नाही, त्यामुळे शनिवारी सगळं उरकायची कोण घाई! धुणं, इस्त्री, उद्याच्या जेवणासाठी अळूची पानं. त्याच घाईत काल फुसीने संगणकात नवा कर्नल घातला. संगणक सुरू होताना कुणाला उठवायचं त्या यादीत तो पहिल्या ओळीत बसला आणि मी दुसऱ्या ओळीत सरकलो. माझ्या जिवाला फार लागलं ते.

"जुना काढूनच टाकते आत्या, उगाच अडगळ."

"अगं, सून घरात रुळू दे आधी! आल्या दिवशीच सासूला बाहेर काढतेस होय?"

आत्याचा शब्द मोडायची सोय नव्हती, म्हणून मी राहिलो. फुसीने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तर पडदा काळा. 'डिस्क सापडत नाही' एवढीच अक्षरं. तिने तारा काढून घातल्या, पुन्हा पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"आत्या, डिस्कच गेली हो," ती रडकुंडीला आली.

"गेली म्हणजे? अगं, पेनीचा निरोप आहे त्यात!"

पेनी ऑस्ट्रेलियात टोमॅटो तोडायला गेलेला. काल त्याच्या मुलीचा, सियालेचा, पहिला वाढदिवस होता. इथे तो लग्नासारखा थाटात करतात. सियाले आईबरोबर ज्या बेटावर राहते, तिथे फोन लागत नाही. म्हणून पेनीने केंद्रात फोन करून निरोप सांगितला आणि आत्याने तो संगणकात भरून घेतला. दुसरीकडे कुठेच तो नव्हता. पेनीला पुन्हा गाठावं, तर त्याचा फोन बंद. संध्याकाळी सहा वाजता तिकडे सगळं बेट रेडिओभोवती बसणार होतं.

मी इकडे तळमळत होतो. अगं, मी आहे ना, खाली बघ! पण आम्हांला हाक मारता येत नाही. कुणी हाक मारील म्हणून वाट तेवढी बघता येते.

"सकाळी चालत होता ना?" आत्या करवादली. "मग दुपारी काय दिवे लावलेस?"

दुपारी बदललं ते एकच, नवा कर्नल, हे फुसीच्या ध्यानात आलं. तिने कपाळावर हात मारला. "डिस्क धडधाकट आहे, आत्या! या नव्यालाच तिथवर पोचता येत नाहीये."

सुरू करताना तिने एक कळ दाबून धरली. आमची नावं पडद्यावर आली. ती एक ओळ खाली आली आणि माझ्यावर थांबली. काय सांगू मित्रांनो, किती बरं वाटलं! डिस्क होती तिथेच होती.

सहा वाजता पेनीचा आवाज गेला. "सियाले, बाबा बोलतोय गं. ओळखलंस का मला?" मग हसला. "आईला त्रास देऊ नकोस हं. दे, थोडा दे."

मग फुसीने दोष शोधला. आम्ही राहतो तो कप्पा लहान. मी जागा अडवून बसलेला, म्हणून नव्याची शिदोरी, म्हणजे डिस्कपर्यंत पोचायची त्याची साधनं, अर्धीच बांधली गेली. तशी सूचनाही आली होती, पण घाईत वाचतो कोण?

"जुना काढल्याशिवाय इलाज नाही, आत्या. सोमवारी काढते."

"सगळ्या निरोपांची दुसरी प्रत करून ठेव, मगच काढ," आत्या म्हणाली. या वेळी तिने अडवलं नाही.

आज रविवार. चर्चमधलं गाणं इथवर ऐकू येतं. फुसीने धास्तीने संगणक बंदच केलेला नाही, म्हणून मी जागा आहे. मित्रांनो, नवं जरूर आणा. पण घाईच्या दिवशी आणू नका, आणि त्याचे पाय टेकेपर्यंत जुन्याला निरोप देऊ नका.

जायचं मला दुःख नाही. इतकी वर्षं मी निरोप पोचवले, पण ऐकणाऱ्याने पुढे काय केलं, हे मला कधीच कळलं नाही. सियालेच्या बेटावरची बोट उद्या दुपारी लागते. बापाचा आवाज ऐकून पोर हसली की रडली, ते बोटीवरची माणसं सांगतीलच. फुसी मात्र सकाळीच कामाला बसते.

फुसी, दुपारपर्यंत थांबशील का गं?